वलगाव ते नर्सी : चालत्या घराचा एक दिवस

हिवाळा लागला की आम्ही दोघं दक्षिणेकडे निघतो. हे एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून. गाडी जुनी ट्रॅव्हलर आहे. सीटा काढून आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि पडद्यामागे छोटा संडास बसवून घेतला. असा बदल करायचा तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते आणि आरसी बुकात तशी नोंद करावी लागते. ती आम्ही आधी करून घेतली.

फिरणं म्हणजे आराम, असं पुष्कळांना वाटतं. चालत्या घरात कामं तीच असतात जी बांधलेल्या घरात असतात, फक्त इथे ती लपत नाहीत. पाणी किती गेलं, कचरा कुठे टाकला, स्वयंपाक कुणी केला, आज कुणाच्या जागेवर झोपलो, हे सगळं दहा फुटांत समोर दिसतं. त्या कामांसाठी हा एक दिवस तासवार लिहून ठेवते. गाडगेबाबांची पुण्यतिथी करून वलगावहून निघालो, तो दिवस.

पहाटे साडेपाच

निघायच्या आदल्या रात्री आम्ही गाडीतच झोपतो, आपल्याच आवारात. काही विसरलं असेल तर ते रात्रीच कळतं आणि घर चार पावलांवर असतं.

जाग आली ती थंडीने. डिसेंबरच्या शेवटी वऱ्हाडात पारा दहाच्या आसपास उतरतो आणि पत्र्याची गाडी मातीच्या भिंतीसारखी ऊब धरत नाही. काचांवर आतून पाणी साचलेलं असतं. दोन माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभर थंड काचेवर बसते. ती पुसली नाही तर गाद्या ओलसर होतात, आठवड्याभरात बुरशी धरते. म्हणून उठल्याबरोबर पहिलं काम फडकं घेऊन काचा पुसायचं. रात्री समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवतो, कितीही थंडी असली तरी.

हे नवख्यांना मी आवर्जून सांगते. बंद गाडीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपेत माणूस जातो. उबेसाठी दोन गोधड्या जास्त घ्याव्यात. गॅसचंही तसंच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली साचतो. आमचं पाच किलोचं सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या पेटीत आहे आणि पेटीच्या तळाला भोक ठेवलं आहे, गळलेला गॅस रस्त्यावर निघून जावा म्हणून.

चहा यांनी केला. गाडीत सकाळचा चहा यांच्याकडे असतो.

सकाळी साडेसहा

सूर्य अजून उगवायचा आहे, तो पावणेसातनंतर येईल. हे हातात टॉमी घेऊन गाडीभोवती फिरतात. प्रत्येक टायरवर ठोका मारून आवाज ऐकतात, मग मीटर लावून हवा बघतात. टायर थंड असतानाच हवा बघावी. चालून तापला की दाब वाढलेला दिसतो आणि अंदाज चुकतो. त्यानंतर इंजिन ऑइल, कूलंट, बॅटरीची टोकं, गाडीखाली जमिनीवर तेलाचा डाग. डेपोत गाडी ताब्यात घेताना जे करायचे तेच.

माझ्याकडे पाणी. टाकी १२० लिटरची आहे. दोघांना मिळून दिवसाला ४० लिटर, असं आमचं माप. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे, त्यावरून ४० लिटर दोघांना म्हणजे किती, ते समजेल. आंघोळीला एक बादली दोघांत मिळून, बाकी अंग पुसणं. भांडी आधी कागदाने पुसायची, मग फवाऱ्याच्या बाटलीने धुवायची. सांडपाणी खाली वेगळ्या डब्यात जमतं. ते रस्त्यावर सोडत नाही.

पाण्याचं माप मला गाडीने शिकवलेलं नाही. दर्यापूरकडच्या शाळेत बरीच वर्षं होते. तो सगळा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत जमिनीखालचं पाणी खारं आहे. विहीर खणली तरी पिता येत नाही, डाळ शिजत नाही. वर्गातल्या पोरी मधल्या सुट्टीत घरी पळायच्या, कारण नळ त्याच वेळेला यायचा. हंडा भरून झाला की पुन्हा वर्गात. चौथी-पाचवीच्या पोरी. लिटर म्हणजे काय, हे त्यांना गणिताच्या पुस्तकाआधी माहीत होतं.

सकाळी पावणेआठ

"हवा पाह्यली, तेल पाह्यलं, पाणी पाह्यलं. आता तुह्यं काय रायलं सांग," हे म्हणाले.

"झाडू कुठी हाय? तो घेतल्याबिगर नोका निंगू."

झाडू दाराशी, आतल्या बाजूला, खुंटीला. त्याची जागा ठरलेली आहे.

निघताना पेढी नदीकाठच्या स्मारकाशी गाडी थांबवली. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांचं निर्वाण इथेच झालं. अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढीच्या पुलाशी, मोटारीत. १९०५ मध्ये घर सोडलेल्या माणसाचा शेवटही रस्त्यावरच झाला. पन्नासहून अधिक वर्षं ते चालत राहिले. अंगावर चिंध्या, हातात झाडू, डोक्यावर गाडगं. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, मग संध्याकाळी कीर्तन. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, परगावाहून आलेल्या गरिबाला रात्रीपुरतं छप्पर मिळावं म्हणून. स्वतःसाठी त्यांनी घर बांधलं नाही.

वलगावच्या माणसाने फिरायला निघताना यातलं एवढं तरी सोबत न्यावं, असं मला वाटतं. जिथे रात्र काढायची ती जागा आधी झाडायची. सोडताना पुन्हा झाडायची.

सकाळी साडेनऊ

अमरावती, बडनेरा मागे टाकून राष्ट्रीय महामार्ग ५३ ला लागलो. हा तोच रस्ता ज्यावर ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत अमरावती ते अकोला दरम्यान ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरली गेली आणि गिनेस बुकात नोंद झाली. त्याआधीची नोंद कतारमधली होती, पंचवीस किलोमीटरच्या थोडी वर. आम्हा वऱ्हाडी लोकांना या रस्त्याच्या जुन्या खड्ड्यांची आठवण आहे, म्हणून त्या विक्रमाचं समाधान जरा जास्तच. जूनच्या उन्हात, गरम डांबराच्या वाफेत, रात्रपाळी-दिवसपाळी करून ज्या माणसांनी ते काम केलं त्यांना या रस्त्याने जाताना मी मनात नमस्कार करते.

गाडी ताशी साठच्या वर न्यायची नाही, हा यांचा नियम. घर घेऊन चाललो आहोत. ब्रेक दाबला की ओट्याखालचे डबे, टाकीतलं पाणी, सगळं पुढे सरकतं. टाकीत पाणी अर्धवट असलं तर ते जास्त हिंदकळतं आणि वळणावर गाडी ओढली जाते. म्हणून टाकी भरून निघायचं.

दोन्हीकडे तुरी पिवळ्या पडल्यात, काही ठिकाणी सोंगणी सुरू आहे. हरभरा घाट्यावर आलाय. कपाशीत वेचणाऱ्या बाया दिसतात, कमरेला ओटी बांधून.

मूर्तिजापूरला चहा. दापुरे याच तालुक्यात, गाडगेबाबा लहानपणी आजोळी वाढले ते गाव. आणि अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ ही आमची शकुंतलाही इथलीच. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालायची. कापूस न्यायला इंग्रजांनी घातलेली अरुंद रुळांची गाडी, पण पुढे तिकिटाच्या थोड्या पैशांत तिने कितीतरी गरीब माणसं बाजाराला आणि दवाखान्याला पोचवली. आता बंद आहे. ती पुन्हा सुरू व्हावी यासाठी लोक अजून झगडतात आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याला प्रवास कशाने करायचा, हा प्रश्न रस्ते कितीही चांगले झाले तरी उरतोच.

सकाळी अकरा

अकोल्यात भाजी घेतली. गाडीत फ्रिज ठेवलेला नाही. हिवाळ्यात लागत नाही आणि वीज वाचते. त्यामुळे दोन दिवसांपुरतंच घ्यायचं. भरताची वांगी, कांद्याची पात, हिरव्या मिरच्या, सांभार (कोथिंबीर), आणि पायलीने विकायला बसलेल्या बाईकडून तुरीच्या ओल्या शेंगा.

चालत्या घराच्या लोकांनी भाजी, दूध, डिझेल रस्त्यातल्या गावांतच घ्यावं. शहरातून सगळं भरून आणायचं आणि गावात फक्त झोपायला थांबायचं, हे बरं नाही. गावाची जागा वापरायची तर गावाच्या बाजारात चार पैसे टाकावेत.

पुढच्या सीटवर बसून मी शेंगा सोलायला घेतल्या. संध्याकाळच्या सोलेभाताची तयारी.

दुपारी साडेबारा

अकोल्याहून राष्ट्रीय महामार्ग १६१ दक्षिणेला निघतो. वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर करत तो तेलंगणात संगारेड्डीला पोचतो. पातूर सुटलं की घाट लागतो. जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग मानले जात. पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट पयनघाट आणि डोंगरावरचा बालाघाट. आम्ही पयनघाटची माणसं, काळ्या जमिनीची. या चढावर आमचा मुलूख संपून वरचा सुरू होतो.

इथे पाण्याची दिशाही बदलते. घाटाच्या उत्तरेला पडलेला पाऊस पूर्णेतून तापीला आणि अरबी समुद्राला जातो. दक्षिणेला पडलेला पैनगंगेतून वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला. शाळेत नकाशावर पाणलोट शिकवायचे तेव्हा पोरांना हे कधी नीट दाखवता आलं नाही. एखादी सहल इथे आणली असती तर एका तासात कळलं असतं. ज्या शाळांना शक्य आहे त्यांनी जरूर आणावी.

घाट चढून वर एका पळसाखाली जेवायला थांबलो. घरून आणलेल्या ज्वारीच्या भाकरी, झुणका, जवसाची चटणी, हरभऱ्याच्या कोवळ्या पानांचा घोळाणा.

जेवणाच्या जागेसाठी झाड शोधतो, पण गाडी उन्हात लावतो. छतावर २०० वॅटचं सौर पॅनेल आहे. बॅटरी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची, म्हणजे भरली तर पावणेदोन युनिटांच्या आसपास वीज. दिवे, पाण्याचा पंप, फोन, छोटा पंखा यांना दोन रात्री पुरते. या दिवसांत ऊन तिरपं असतं. अमरावतीला डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशच वर येतो, त्यामुळे छतावर आडव्या पडलेल्या पॅनेलला पूर्ण ऊन मिळत नाही. जसजसं दक्षिणेला जावं तसतसा सूर्य वर येत जातो. कन्याकुमारीला याच दिवसांत तो ५८ अंशांवर असतो आणि दिवसही वलगावपेक्षा जवळजवळ पाऊण तास मोठा. दक्षिणेकडे जाण्याचं हेही एक कारण आहे. ऊब मिळते आणि वीजही.

दुपारी अडीच

वाशीमपासून गाडी माझ्याकडे. ही जुनी वत्सगुल्म नगरी, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याचं सोळावं लेणं याच शाखेच्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने कोरवून घेतलं. एवढा मोठा वारसा असलेल्या गावावरून आपण डोळे मिटून जातो. पुढच्या वेळी इथे एक दिवस मुक्काम करायचा, असं वहीत लिहून ठेवलं.

मी गाडी शिकले ती निवृत्तीनंतर. यांनी शिकवली. आयुष्यभर हजारो माणसांना पोचवलेल्या माणसाने बाजूच्या सीटवर शांत बसून दुसऱ्याला चालवू देणं, हे सोपं नसतं. ते बसतात. गिअर जरा उशिरा पडला तरी बोलत नाहीत. विचारलं तरच सांगतात.

"लवकर पडला का चौथा?"

"बरोबर पडला. पुढं उतार हाय, ब्रेकवर नोको जाऊ, गिअरवरच उतरव."

दिवसातले दोन तास गाडी मी चालवायची, रात्रीचा स्वयंपाक यांनी करायचा, असा करार झाला आहे. स्वयंपाक यांना एसटीने शिकवला. मुक्कामी गाडी असायची ना, संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन आडगावाला जायची, रात्र तिथेच काढायची आणि पहाटे दूधवाले, भाजीवाले, कॉलेजची पोरं घेऊन तालुक्याला परतायची. त्या मुक्कामात चालक-वाहक बसमध्येच झोपत. जवळ स्टोव्ह, डाळ-तांदूळ. कधी गावातून भाकरी यायची, कधी नाही. म्हणजे यांनी निम्मी नोकरी चालत्या घरातच काढली. मी तेव्हा वलगावच्या घरात दोन पोरं, सासूबाई आणि शाळा सांभाळत होते. दोघांनी आपापल्या जागी एकट्याने केलेलं काम आता एका ओट्यावर आलं आहे.

दुपारी चार

कनेरगावला पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड संपतं आणि मराठवाडा लागतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नदीपलीकडे निजामाचा अंमल होता.

हिंगोली जवळ आली तशा उसाच्या ट्रॉल्या दिसू लागल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन. या ट्रॉल्यांना मागे पुष्कळदा दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. अंधारात त्या दिसतच नाहीत. सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचं, या आमच्या नियमाचं मोठं कारण हेच.

हिंगोलीबाहेर पेट्रोल पंपावर एक रिकामी ट्रॉली उभी होती. वर गाठोडी, भांडी, एक पलंग, पाण्याची निळी टाकी, त्यात बसलेली दोन लहान मुलं. एका फडावरचं काम आटोपून ऊसतोडीची टोळी दुसऱ्या फडाकडे निघाली होती. आमच्याच रस्त्याने, आमच्यासारखीच जोडप्याजोडप्याने.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. दोन माणसं, हिशेबात एक. मुकादम दिवाळीआधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत जोडीने राबायचं. मराठवाड्यातून, आमच्या वाशीम-बुलढाण्यातूनही, माणसं दिवाळीनंतर घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. राहायला उसाच्या पाचटाची कोपी. दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. तोडायचं, साळायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून ट्रॉलीत चढवायच्या, आणि कोपीवर आल्यावर बाईने चूल पेटवायची. हिवाळ्यात घर सोबत घेऊन निघणारी महाराष्ट्रातली खरी जोडपी ही आहेत. आमच्यासारखी हौसेने निघणारी माणसं मूठभर.

मी गाडी पंपावरून हळू बाहेर काढली. पुढे बराच वेळ आम्ही दोघंही त्या ट्रॉलीबद्दलच बोलत होतो.

संध्याकाळी सव्वापाच

हिंगोलीच्या पश्चिमेला, कयाधू नदीच्या काठी नर्सी. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून हिला नर्सी नामदेव म्हणतात. नामदेवही फिरते. पंढरपूरहून पंजाबात घुमानपर्यंत गेले, गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ मध्ये त्या घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं होतं.

जागा मागायची रीत यांची ठरलेली आहे, मुक्कामी गाडीच्या दिवसांपासूनची. आधी गाडी रस्त्यालाच ठेवायची. चालत जायचं. कट्ट्यावर जे ज्येष्ठ बसले असतील त्यांना नमस्कार करून कुठून आलो, कुठे चाललो, किती वाजता निघणार, हे स्वतःहून सांगायचं. मग विचारायचं.

"थांबा की. रात्रीचं कुठं जाताव आता," एका आजोबांनी मैदानाचा कोपरा दाखवला. "पाणी लागलं तर हापशी तिथं हाय."

गाडी तोंड रस्त्याकडे करून लावली, रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर वळवण्यात वेळ जाऊ नये म्हणून. हेही एसटीतलंच शिक्षण.

मग झाडू. मी अर्धा कोपरा झाडला, यांनी अर्धा. गुटख्याच्या पुड्या, प्लास्टिकचे पेले, पत्रावळी. एक पोतं भरलं. दोन पोरं बघत उभी होती, थोड्या वेळाने तीही पुड्या वेचून आणू लागली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पाणी हापशीवरून भरलं, दिवसभरात गेलं तेवढंच. गावाच्या रांगेत आपली बादली शेवटी लावायची.

संध्याकाळी सात

गाडीबाहेर वांगी भाजायला ठेवली, आत यांनी सोलेभात टाकला. तुरीचे सोले, आलं-लसूण, गोडा मसाला, वरून सांभार. वास गेला तशा चार-पाच बायका आल्या, गाडी बघायला. आत घेतलं. ओटा, पलंग, पलंगाखालची कपाटं दाखवली.

"सैपाक मालक करत्यात?" एकीने विचारलं.

"रात्रीचा तेच करतात. दुपारी गाडी मी चालवते."

त्या हसल्या नाहीत. एक म्हणाली, "बरं हाय. वाटून घेतलं म्हंजे दोघं टिकत्यात."

त्यांच्यातल्या एका मावशी सगळ्यांत शेवटी चढल्या. पडदा सरकवून त्यांनी आतला छोटा संडास बघितला. बराच वेळ बघत होत्या.

"आमी बी असंच जायचो," त्या म्हणाल्या. "दोघं. सहा-सहा महिने. कोपीत उभं राहता येत नव्हतं. पोरगी तिथंच झाली. पयलं बघायचं ते पाणी कुठं हाय, आन बाईमाणसानं भाईर कुठं जायाचं. दिवसा जाता येत नव्हतं, म्हून दिवसा पाणीच प्यायचं नाय." मग पडदा नीट लावून म्हणाल्या, "एवढं एक असतं तर लई होतं."

मला बोलायला काही सुचलं नाही. मी त्यांना ताट वाढलं. नको नको म्हणत दोन घास घेतले त्यांनी, भरीत चांगलं झालंय म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं ते मी बातम्यांत वाचलं होतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात पोचला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाणी नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही आणि खाडा केला तर पैसे कापले जातात. एवढ्या कारणांनी बाई शरीराचा अवयव काढून टाकायला तयार होते. वाचलेलं आणि आपल्या ओट्याशी उभं राहून कुणी सांगितलेलं, यांत फार फरक असतो.

रात्री साडेनऊ

भांडी यांनी पुसली, मी धुतली. सांडपाण्याचा डबा आजोबांना विचारून मंदिरामागच्या झाडांच्या आळ्यात रिकामा केला, साबण वापरत नसल्यामुळे चालतं. संडासाचा डबा मात्र शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक असलेल्या संडासातच रिकामा करायचा असतो. तो उद्या नांदेडला, जिथे मुक्काम ठरला आहे तिथे. ओला कचरा एका गोठ्यात गाईला, सुका कचरा पोत्यात बांधून सोबत.

मग वही. दिवसाचं पाणी ३८ लिटर. बॅटरी पाऊण भरलेली. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. खर्च डिझेल, भाजी, चहा. वहीचं हे पान मी रोज लिहिते. आज त्याच्या समोरच्या पानावर आणखी एक यादी केली. दोन माणसांच्या फिरत्या घराला काय लागतं? दोघांना दिवसाला निदान ४० लिटर स्वच्छ पाणी. दाराला कडी असलेला संडास. एक दिवा आणि फोन भरण्यापुरती वीज. उभं राहता येईल एवढं छप्पर. कचरा टाकायला जागा. सोबत लेकरू असेल तर त्याला सांभाळणारं माणूस आणि शाळा. यांना वाचून दाखवली.

"दवाखाना लिहिला नाही तू," हे म्हणाले. तो लिहिला.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्यांसाठी मुक्कामाच्या जागा, तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह, अशा सोयींचा विचार त्यात आहे. आमच्यासारख्यांना त्याचा उपयोग होईल आणि ते व्हावंच. पण ज्या राज्याला हौशी जोडप्याच्या मुक्कामाला काय लागतं हे लिहून काढता येतं, त्याला कोयत्याच्या मुक्कामाला काय लागतं हे लिहिणंही अवघड नाही. यादी एकच आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे, त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आहे. त्याच्या जोडीला प्रत्येक कारखान्याने आपल्या टोळ्या जिथे उतरतात तिथे नळ, कडी लागणारे संडास आणि दिवा, एवढं गाळप सुरू होण्याआधी उभं करावं. टोळ्या कुठे उतरणार हे मुकादमाला आधी माहीत असतं. मुकादमाला माहीत म्हणजे कारखान्याला माहीत.

वलगावला परतलो की ही यादी आणि मावशींनी सांगितलेलं, दोन्ही लिहून मी पाठवणार आहे. आधी वाशीम आणि हिंगोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना, मग महामंडळाला. शाळेत असताना संडासाच्या एका दारासाठी पंचायत समितीकडे मी कितीतरी अर्ज केले आणि ते दार शेवटी बसलं. अर्ज कसा लिहायचा आणि त्याच्या मागे कसं लागायचं, ते मला येतं.

उद्या सकाळी सातला मैदान झाडून निघायचं. नांदेडच्या वाटेवर पहिला तास गाडी माझ्याकडे.